उलट्या पाण्याचा ठराव

दोन विहिरींचं पाणी एकमेकांत मिसळलं, तर त्याचा उजेड होऊन गाव नाहीसं होईल, असा ठराव एका गावच्या पाणी संस्थेनं एकदा एकमतानं मंजूर केला होता. सूचक एक होते, अनुमोदक दुसरे होते, पण त्या ठरावाचं मूळ मी होतो. हे मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही. बायकोला एकदा अर्धं सांगितलं. ती इतकी हसली की उरलेलं अर्धं मी गिळून टाकलं. आता पन्नाशी उलटली. अर्धं सांगून भागत नाही असं दिसतंय.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. उस्मानाबाद जिल्ह्याच्या पार खालच्या टोकाला, जिथं बाजारात मराठीइतकीच कानडी ऐकू येते, तिथल्या एका गावच्या हायस्कुलात मी शास्त्राचा शिक्षक होतो. वय चोवीस, बी.एस्सी. पास क्लास, नोकरी अजून कायम व्हायची होती. शाळेचे अध्यक्ष आणि पाणी संस्थेचे चेअरमन एकच गृहस्थ होते. ते वाईट नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो. वाईट माणूस समोर असता तर माझं काम सोपं झालं असतं.

पाणी संस्था म्हणजे ओढ्याकाठची एक मोठी विहीर, तिच्यावरचं इंजिन आणि पाइप. ऊस पिकवायचा म्हणून सगळ्यांनी मिळून ती काढली होती. इंजिन आलं, पाइप आले आणि पाऊस गेला. गावातले आड आटले, तेव्हा त्या एका विहिरीत तेवढं पाणी उरलं. गावाच्या पूर्वेला बौद्ध वस्ती होती. तिथली माणसं पंधरासोळा वर्षांपूर्वी बौद्ध झाली होती, पण गाव त्यांना अजून जुन्याच नावानं ओळखायचं. त्यांची विहीर वेगळी होती. तिचा तळ दिसायला लागला होता, आणि जे ओंजळभर पाणी होतं ते मचूळ. बायका दोन कोसांवरच्या झऱ्यावर जायच्या.

तालुक्याहून एक साहेब जीपमधून आले आणि सांगून गेले की पिण्याचं पाणी सगळ्यांना खुलं, आणि कोणी तोंडातून विटाळ हा शब्द काढला तर थेट कोर्टात. चेअरमन हात जोडून म्हणाले, "साहेब, असलं आमच्या गावात न्हायच." साहेब गेले. मग पंधरा दिवस चेअरमन कारणं शोधत होते. पहिलं कारण, वस्तीतली माणसं सभासद नाहीत. तर वस्तीतून सभासदत्वाचे अर्ज आले. दुसरं, दोर झिजेल. तर ते स्वतःचा दोर घेऊन आले. तिसरं, काठ ढासळेल. तर त्यांनी एक दिवस येऊन काठ बांधून दिला आणि गुळाचा खडासुद्धा न घेता परत गेले. हे सगळे अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिणारा माणूस म्हणजे आमच्या शाळेतला गणिताचा शिक्षक. तो त्याच वस्तीतला, औरंगाबादला शिकून आलेला, माझ्याच वयाचा. माझा त्या गावातला एकुलता एक मित्र.

थोडक्यात, चेअरमनांची कारणं संपली होती. आणि नेमकं अशा वेळी मी भाषण केलं.

भाषणाचा विषय माझा नव्हता. तो मला मित्रानं शिकवला होता. एका रविवारी आम्ही पाझर तलावाच्या कामावर गेलो होतो. त्याची आई तिथं माती उचलायला जायची. दुपारची सुट्टी झाली होती, बायका सुकडीचे घास करून पोरांच्या तोंडात घालत होत्या. मित्रानं समोरच्या खड्ड्याकडं बोट दाखवलं.

"सर, हा खड्डा बघा, आणि ही बाजूची मातीची रास. दोन्ही एकदमच जन्माला आले की नाही? रास काढल्याशिवाय खड्डा होत नाही, खड्डा केल्याशिवाय रास होत नाही. कण आणि प्रतिकण असेच. घाम गाळला की जोडीनं येतात."

"घाम म्हणजे?"

"म्हणजे उजेड. जबरदस्त ताकदीचा किरण असला की तो किरण नाहीसा होतो आणि त्याच्या जागी जोडी उभी राहते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलटा भाऊ. वजन तेवढंच, भार उलटा. आणि हीच रास परत खड्ड्यात लोटली तर?"

"जमीन सपाट."

"रास गेली, खड्डा गेला. गाळलेला घाम तेवढा उजेड होऊन बाहेर पडतो. दोन किरण, एक इकडं, एक तिकडं, पाठीला पाठ लावून. डोळ्यांना न दिसणारा उजेड, क्ष-किरणांच्याही पुढचा."

त्याची आई डोक्यावरची चुंबळ सोडून ऐकत होती. ती म्हणाली, "मंजी खांदलेलं बुजवायचंच हाय का? मग त्या मुकादमाला सांगा की, आमाला घरी बसवून पगार दे. खड्डाबी वाचतंय आन् रासबी."

बाकीच्या बायका हसल्या. मित्र म्हणाला, "माय, अजून एक गंमत हाय. उजेडाची अशी जोडी मोकळ्या जागंत होत न्हाय. शेजारी एखादा जड अणू उभा लागतो. तो कायबी करत न्हाय. नुसता धक्का सोसतो."

"पंचावानी?"

"व्हय, पंचावानी."

"आमच्या पंचानी कवा धक्का सोसला रं? उगं अणूची बदनामी करू नकूस."

मी पण हसलो. त्या दिवशी मला हे शास्त्र जितकं कळलं तितकं कॉलेजात तीन वर्षांत कळलं नव्हतं. परत येताना मी त्याच्या घरी चहा प्यालो. ही गोष्टही मी गावात कोणाला सांगितली नाही. चहा चांगला होता.

पुढच्या आठवड्यात पाणी संस्थेची वार्षिक सभा होती. सहकारी संस्थेच्या सभेचा एक नियम असतो. ठरलेल्या वेळी पुरेसे सभासद आले नाहीत, तर सभा अर्धा तास तहकूब करायची, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच माणसांत परत भरवायची. मग संख्येची अट नसते. आमच्या संस्थेची एकही सभा पहिल्या फटक्यात झाली नव्हती. लोक त्या नियमाला इतके सरावले होते की सगळे वेळेवर यायचे, पण बाहेर लिंबाखाली बसायचे, सभा तहकूब होऊ द्यायचे आणि मग आत यायचे. प्रश्न असायचा तो त्या मधल्या अर्ध्या तासाचा. लोक पांगू नयेत म्हणून त्या वेळात कोणीतरी शिकलेल्या माणसानं बोलायचं असा रिवाज पडला होता. मागच्या वर्षी पशुवैद्य लाळखुरकतावर बोलले होते. या वर्षी सचिव माझ्याकडं आले.

"मास्तर, अर्धा तास कायबी सांगा. निस्तं लोक उठू नयेत असं सांगा."

लोक उठले नाहीत. लिंबाखाली साठसत्तर माणसं होती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्या माणसांसमोर बोलत होतो. खड्डा आणि रास सांगितली. जोडीचा जन्म सांगितला. दोघे भेटले की दोघांचा शेवट आणि उजेड, हेही सांगितलं. मागून एकजण ओरडला, "आमच्या भावकीसारखं म्हना की!" सगळे खदखदून हसले, आणि ते हसू माझ्या डोक्यात गेलं. मला वाटलं, मी वक्ता आहे.

मग चेअरमननी विचारलं, "मास्तर, ह्ये उलटं काय फक्त बारक्या कणाचंच असतंय का? दगडाचं, पाण्याचं?"

इथं मला थांबता आलं असतं. असं पाणी पृथ्वीवर सापडत नाही, प्रयोगशाळेतसुद्धा नुसते दोनचार कण मोठ्या मुश्किलीनं मिळतात, हे मला माहीत होतं. मित्रानं तेही सांगितलं होतं. पण 'सापडत नाही' असं म्हटलं की भाषण पडतं. मी म्हणालो, "पाण्याचंसुद्धा असू शकतं. उलटं पाणी."

"दिसायला कसं?"

"अगदी आपल्या पाण्यासारखं. रंग तोच, चव तीच. नुसतं बघून ओळखू येणार नाही."

"आन् आपल्या पाण्यात मिसळलं तर?"

"चमचाभर मिसळलं तरी दोन्ही नाहीसं. नुसता उजेड. गाव राहणार नाही, तालुकासुद्धा."

चेअरमन माझ्याकडं बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला जो भाव दिसला त्याला मी तेव्हा जिज्ञासा समजलो. ते हळूच म्हणाले, "वळखू येत न्हाय." आणि परत एकदा, स्वतःशीच, "वळखूच येत न्हाय."

अर्धा तास संपला. सभा परत भरली. मी पाहुणा म्हणून कोपऱ्यात बसलो. अहवाल, ताळेबंद वगैरे झालं, आणि ऐनवेळचा विषय म्हणून चेअरमन उभे राहिले. ते म्हणाले, की आपल्या मनात कोणाबद्दल काही नाही. पूर्वी लोक जे मानायचे ते आपण मानत नाही, ते अडाणीपण होतं. आता विज्ञानाचं युग आहे. आणि विज्ञानानं जर सांगितलं की दोन पाणी एकत्र आणू नका, तर आणायचं नाही.

सचिवांनी ठराव लिहिला. त्याची भाषा मला अजून तोंडपाठ आहे. 'शास्त्र शिक्षक यांनी केलेल्या मार्गदर्शनास अनुसरून असे ठरविण्यात येते की, पूर्वेकडील विहिरीचे पाणी उलट स्वरूपाचे असण्याची शक्यता नाकारता येत नसल्याने, सदर पाणी लागलेली भांडी संस्थेच्या विहिरीत बुडविल्यास उजेड होऊन जीवित व वित्त हानी होण्याचा संभव आहे. सबब सर्वांच्या हितासाठी, त्यांच्याही, सदर भांडी बुडवू नयेत.'

'त्यांच्याही' हा शब्द चेअरमननी मुद्दाम घालायला लावला.

मग ते माझ्याकडं वळले. "मास्तर, बरोबर हाय न्हवं?"

साठसत्तर माणसं माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "शास्त्रात कुठलीच शक्यता शंभर टक्के नाकारता येत नाही." टाळ्या पडल्या. ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मित्र माझ्यासमोर येऊन बसला. त्याला राग आलाय असं मला वाटलं होतं. पण तो गणिताचा माणूस होता. त्यानं एकेक पायरी मांडली.

"सर, आमचं पाणी उलटं आहे. बरं. मग आमची विहीर ज्या जमिनीत आहे ती जमीन तुमचीच, सुलटी. ती अजून शाबूत कशी? आमची घागर तांब्याची, गावच्याच तांबटानं घडवलेली. ती फुटली का नाही? आणि तुम्ही मागच्या रविवारी माझ्या घरी चहा प्यालात. तुम्ही अजून शिल्लक आहात."

मी दाराकडं पाहिलं. कोणी ऐकलं नव्हतं.

"आणि उलटं कोण हे कोणी ठरवलं? प्रतिकणाला विचारलंत तर तो म्हणेल, मी सरळच आहे, उलटा तू. नाव आधी ज्यानं ठेवलं त्याचं खरं."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

"मग एक वाक्य बोला. लेखी नको. अर्ज मी लिहीन. चेअरमनसमोर तोंडी एक वाक्य, की दोन्ही पाणी एकच आहे. माय पहाटे निघते ती नऊला येते. तिथून तशीच तलावावर जाते. मी बोललो तर माझ्या पाण्यासाठी बोललो म्हणतात. तुम्ही बोललात तर शास्त्र."

"बोलतो," मी म्हणालो. "योग्य वेळ बघून बोलतो."

योग्य वेळ बघण्यात महिना गेला. बायकोला मी जे सांगितलं त्यात इथं नोकरीची भीती होती. ती होतीच. पण ते सांगण्याजोगं कारण आहे, म्हणून सांगितलं. खरी गोष्ट अशी की त्या महिन्यात गावातली माणसं मला रस्त्यात थांबवून विचारायची, "शास्त्रज्ञ, आज हवा कशी हाय?" चेअरमन बाजेवर मला स्वतःच्या शेजारी बसवायचे. रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरीचे दिवस होते, आणि मला त्यांच्या घरून शाळूची भाकरी यायची. मला आवडत होतं ते.

दरम्यान ठराव वाढत चालला होता. गावात विजेचे खांब येऊन दीड वर्ष झालं होतं, तारा यायच्या होत्या. काही तरुण सभासदांच्या डोक्यात आलं की, उजेड होत असेल तर तो वाया का घालवायचा? चमचाभरानं तालुका जात असेल, तर थेंबाच्या थेंबाच्या थेंबानं चावडीपुरता उजेड होईल. गावात उघड दोन गट पडले. एक म्हणे मिसळायचंच नाही, दुसरा म्हणे बेतानं मिसळू. चेअरमन पहिल्या गटाचे पुढारी, पण विजेच्या तारांसाठी त्यांनी इतके खेटे घातले होते की त्यांचं मन दुसऱ्या गटातही होतं. शेवटी उपसमिती नेमली. उपसमितीनं ठरवलं की शास्त्र शिक्षकांच्या हस्ते प्रयोग व्हावा. ज्यांचं पाणी उलटं म्हणायचं त्यांच्यातल्या कोणालाही उपसमितीत घेतलं नव्हतं, हे लक्षात आलं तेव्हा त्यांना निरोप पाठवला की एक बाटली पाणी पाठवा. मित्रानं बाटली भरून दिली आणि शाळेच्या प्रयोगशाळेची चिठ्ठी तिच्यावर चिकटवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: पाणी.

गावापासून मैलभर लांब पडीक रानात प्रयोग झाला. सकाळची वेळ. बांधाआड शंभरेक माणसं पालथी पडलेली. एक म्हातारे गृहस्थ म्हैस घेऊन आले होते, तिला मागं ठेवून येववेना म्हणून. ती तेवढी उभी होती. मी दोन पेले घेऊन मोकळ्या जागेत गेलो. एकात संस्थेचं पाणी, एकात बाटलीतलं. सचिवांनी मला काळा चष्मा दिला होता, मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर त्यांच्या वडिलांना मिळालेला. तो घालून मला काही दिसत नव्हतं.

मी चाचपडत एक पेला दुसऱ्यात ओतला.

ओढ्याकडून टिटवी ओरडली. दुसरं काही झालं नाही. मी चष्मा काढला. पेल्यात पाणी होतं, काठोकाठ.

बांधाआडून चेअरमनचा आवाज आला, "मास्तर! काय झालं?"

मी इतकी वर्षं ज्या जागी अडकलो आहे ती हीच. माझ्या हातात पुरावा होता. योग्य वेळ ती आणखी कसली असते? मला फक्त म्हणायचं होतं, काही झालं नाही आणि कधी होणारही नाही. शंभर माणसांनी ऐकलं असतं, तिसऱ्या प्रहरी वस्तीतल्या घागरी भरल्या असत्या. आणि मला त्या पालथ्या शंभर पाठी दिसल्या. वाटलं, आता हे उठतील आणि माझ्याकडं बघून हसतील.

मी ओरडलो, "प्रमाण कमी पडलं!"

बांधाआड मोठा सुस्कारा झाला. मग लोक कपडे झटकत आले, पेला लांबूनच बघितला, आणि चेअरमन मला मिठी मारत म्हणाले, "जिवावर उदार झालात की हो!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला कळलं की हा माणूस आता सोंग करत नाहीये. कारणं शोधता शोधता त्यांचा या शेवटच्या कारणावर विश्वास बसला होता.

मित्राला ते वाक्य त्याच दिवशी कळलं. शाळेत तो मला एवढंच म्हणाला, "किती प्रमाण पाहिजे ते तेवढं ठरवून सांगा. भरून देतो." त्यानंतर तो माझ्याशी फक्त तासांच्या वेळापत्रकाबद्दल बोलायचा.

भीती मात्र कोणाच्या हातात राहिली नाही. विहिरीवर राखणीला एक माणूस बसवला होता, त्यानं आपल्यापुरता एक चर खोदून घेतला, उजेड झाला तर आत उडी टाकायला. चेअरमन तालुक्याला गेले की हॉटेलात चहाआधी विचारायचे, पाणी कुठल्या विहिरीचं? एकदा सरकारी टँकर आला. ड्रायव्हर म्हणाला, दोन ठिकाणी भरलाय, अर्धा इथं अर्धा तिथं. हे ऐकल्यावर गावातलं कोणी त्याच्याजवळ जाईना. ड्रायव्हर बिचारा अर्धा तास हॉर्न वाजवून वैतागून निघून गेला, आणि जाताना वस्तीच्या लोकांनी त्याला थांबवून भरता येईल तेवढं भरून घेतलं. एवढं एक त्या ठरावानं त्यांना दिलं.

चैत्र संपता संपता त्यांच्या विहिरीत चिखल उरला, आणि झऱ्याचीही धार तुटली. तलावाच्या कामाला त्या दिवशी सुट्टी होती. भर दुपारची वेळ. चेअरमन, सचिव आणि पाचपंधरा सभासद विहिरीजवळच्या इंजिनाच्या खोलीच्या सावलीत बसले होते, आणि त्यांच्यात मी. वस्तीकडून वीसपंचवीस बायका येताना दिसल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर घागर. पुढं मित्राची आई, आणि सगळ्यांच्या मागं खांद्यावर दोर टाकून मित्र.

राखणदार उठून उभा राहिला. "मावशे, थांब! ठराव हाय!"

"ठराव हाय म्हनूनच आलो बाबा," ती म्हणाली. तिनं घागर खाली घेतली आणि हलवून दाखवली. आत थोडं पाणी खळखळलं. "ही आमच्या हिरीतली शेवटची घागर. मास्तर म्हनले व्हते, प्रमान कमी पडलं. आता कमी पडायचं न्हाय. ही मी हितं वतनार. ज्येला उजेड बगायचा त्येनं थांबावं. ज्येला न्हाय बगायचा त्येनं जावं."

"अगं बाई, तू बी जाशील की!" चेअरमन कळवळून ओरडले. खरंच कळवळून.

"जाईन की. पर घसा वला करून जाईन."

ती काठावर चढली. आणि मग जे झालं ते मी हसू न आणता लिहायचा प्रयत्न करतो. चेअरमन धोतर सावरत ओढ्याच्या काठाकडं पळाले. त्यांच्यामागं सचिव, दफ्तर छातीशी धरून. राखणदारानं त्याच्या चरात उडी घेतली, आणि त्याच्यावर आणखी तिघांनी. पंधरा माणसं क्षणात दिसेनाशी झाली. विहीर मोकळी पडली. वीस वर्षांत कोर्टानं, जीपनं आणि अर्जांनी जे झालं नव्हतं ते झालं होतं. अडवायला कोणी उरलं नव्हतं.

मीही पळालो. हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. तिथं असलेल्या गाववाल्यांत मी एकटा असा होतो ज्याला पक्कं ठाऊक होतं की काही होणार नाही. आणि मी ओढ्याच्या वाळूत चेअरमनशेजारी पालथा पडलो, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. उभा राहिलो असतो तर सगळ्यांना कळलं असतं की मला ठाऊक होतं.

घागर ओतल्याचा आवाज आला. चेअरमन पुटपुटत आई भवानीचं नाव घेत होते. वाळू तापलेली होती, गाल भाजत होता. मग कप्पीची कुरकुर ऐकू आली. दोर आत गेला, भरून वर आला. परत गेला. बायकांची बोलणी, एकीचं खळखळून हसणं, भांड्याला भांडं लागल्याचा आवाज. चेअरमननी एक डोळा उघडून मला विचारलं, "मास्तर, झालं का?"

"अजून नाही," मी म्हणालो.

तास दीड तास आम्ही तसे पडून होतो. सगळ्या घागरी भरून झाल्या. नंतर सचिवांनी वहीत नोंद केली, 'प्रतिक्रिया मंद असल्याने तूर्त बंदी शिथिल,' आणि त्यानंतर त्या विहिरीवर कोणी कोणाला अडवलं नाही. चेअरमन मला पुढं कधी काही बोलले नाहीत. माझी नोकरी कायम झाली. मित्रानं त्याच वर्षी लातूरकडं बदली करून घेतली. पत्र आलं नाही. मीही पाठवलं नाही. काय लिहायचं हे ठरवण्यात पंचवीस वर्षं गेली, आणि मागच्या पावसाळ्यात तो वारल्याचं एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं.

त्या दुपारी बायका परतायला लागल्या तेव्हा सभासद एकेक करून वाळू झटकत, एकमेकांची नजर चुकवत पांगले. मी मुद्दाम मागं राहिलो. सगळे गेले असं वाटलं तेव्हा मान वर केली, तर मित्राची आई समोर उभी होती. कमरेवर घागर, हातात तांब्या. मित्र लांब, विहिरीच्या काठावर, दोर गुंडाळत होता. त्याची पाठ माझ्याकडं होती.

"उठा मास्तर," ती म्हणाली. "ऊन लई हाय. पानी घ्या."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी तो नंतर किती वेळा शोधला. नव्हताच. मी उठून बसलो. ओठ फुटले होते, जीभ टाळूला चिकटली होती. तिनं तांब्या पुढं केला. पाण्यावर ऊन हलत होतं.

मी हात पुढं केला. आणि तांब्या घेण्याआधी मी मागं वळून बघितलं, कोणी पाहत तर नाही ना.

तिनं ते पाहिलं. तिनं तांब्या तेवढा वाळूत ठेवला आणि घागर सांभाळत ती वस्तीकडं चालायला लागली.